ओळखपत्राची मागणी : मद्यखरेदी, वय आणि परवाना

सज्ञान व्यक्तीने स्वत:च्या पैशाने, कायद्याने विक्रीस मोकळी असलेली वस्तू विकत घ्यायची, तर तिने ओळखपत्र कशासाठी दाखवावे? मद्याच्या दुकानात हा प्रश्न हमखास उपस्थित होतो. तिशी ओलांडलेल्या ग्राहकाला अशी मागणी गमतीची वाटते, चाळिशीतल्याला ती अपमानास्पद वाटते आणि विशीतल्याला अडचणीची. दुकानदारही बहुतेक वेळा 'साहेब, नियम आहे' एवढेच सांगून मोकळा होतो. हा नियम नेमका कोणता, तो कोठून आला आणि त्यामागे काय हेतू आहे, याची माहिती ग्राहकाला नसते आणि पुष्कळदा विक्रेत्यालाही नसते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या अज्ञानाला तसेच कारण आहे. येथील कायदा ग्राहकाकडे एक नव्हे, दोन गोष्टी मागतो आणि त्या दोहोंची व्यवहारात सरमिसळ झालेली आहे.

दोन प्रश्न, एक काउंटर

देशातील बहुतेक राज्यांत मद्य विकत घेणाऱ्याला एकच प्रश्न विचारला जातो : तुमचे वय किती? महाराष्ट्रात त्याला दुसऱ्या प्रश्नाची जोड आहे : मद्य बाळगण्याचा व पिण्याचा परवाना तुमच्याजवळ आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जन्मतारीख असलेल्या कोणत्याही विश्वासार्ह ओळखपत्राने देता येते. दुसऱ्याचे उत्तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यानेच द्यावे लागते.

हे दोन्ही प्रश्न वरवर सारखे वाटले तरी त्यांची जातकुळी वेगळी आहे. वयाची विचारणा अजाण मुलांच्या संरक्षणासाठी आहे. एकदा वय सिद्ध झाले की, ग्राहकाने काय विकत घ्यावे यात शासनाला रस उरत नाही. परवान्याची विचारणा मात्र सज्ञान माणसालाच केलेली आहे. 'मद्यपान मुळात निषिद्ध आहे, तुम्हाला त्यातून सूट मिळाली आहे काय?' असा तिचा अर्थ. ही सूट कशी आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

अबकारीकडून दारूबंदीकडे

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात मद्याचे नियमन १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने होत असे. त्या कायद्याचा मुख्य रोख महसुलावर होता. दारू कोणी प्यावी यापेक्षा तिच्यावरील कर कोणी बुडवू नये, याची सरकारला चिंता होती. राष्ट्रीय चळवळीने या दृष्टिकोनावर कठोर टीका केली. ताडी-दारूच्या दुकानांवरील निरोधन हा असहकाराच्या आणि सविनय कायदेभंगाच्या चळवळींचा नित्याचा कार्यक्रम होता आणि त्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, तेव्हा दारूबंदी हे त्यांचे वचनच होते. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य व अबकारी खाते सांभाळणारे डॉ. एम. डी. गिल्डर यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू करण्यात आली. पुढे त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अपुरा राहिला.

स्वातंत्र्यानंतर तो नव्या जोमाने हाती घेण्यात आला. 'मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९' संमत झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. तत्कालीन गृहमंत्री आणि नंतरचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांचे नाव या धोरणाशी कायमचे जोडले गेले. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातही औषधी उपयोग वगळता मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहेच. या अधिनियमाला न्यायालयात आव्हान दिले गेले. 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली अधिनियमाचा बहुतांश भाग वैध ठरवला. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांवरील बंदीसारखी काही कलमे तेवढी रद्द झाली.

संपूर्ण बंदी म्हटली तरी अपवाद करावेच लागतात. परदेशी राजदूत, पर्यटक, प्रकृतीसाठी मद्याची गरज असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणणारे रुग्ण, अशांसाठी अधिनियमात निरनिराळ्या परवान्यांची तरतूद करण्यात आली. 'परमिट' हा शब्द मुंबईच्या बोलीत रुजला तो या काळात. ज्यांना हे परमिट मिळत नसे, त्यांच्यासाठी गल्लीबोळांतून हातभट्टीचे गुत्ते चालत. बंदीच्या काळाची ही दुसरी बाजूही विसरता येत नाही.

परमिट रूमचा जन्म

साठच्या दशकाच्या मध्यापासून महाराष्ट्र शासनाने ही बंदी टप्प्याटप्प्याने सैल केली. सत्तरीच्या आरंभी परवाना मिळवणे सर्वसामान्य प्रौढाच्या आवाक्यात आले आणि १९७३ मध्ये महाराष्ट्र देशी मद्य नियम आल्यानंतर देशी दारूची अधिकृत दुकानेही दिसू लागली. मात्र हे सारे घडले ते १९४९ चा अधिनियम रद्द करून नव्हे. बंदीचा कायदा जागच्या जागी ठेवण्यात आला आणि त्यातील अपवादाचे दार रुंद करण्यात आले. आजही महाराष्ट्रात मद्यविक्री होते ती दारूबंदीच्या कायद्याखालीच. २०१२ साली राज्यातील जुन्या कायद्यांच्या नावांतून 'मुंबई' हा शब्द काढण्यात आला, तेव्हा त्याचे नाव 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' झाले इतकेच.

हॉटेलांवरील 'परमिट रूम' ही पाटी या इतिहासाची साक्ष आहे. परवानाधारकांनी बसून मद्यपान करावयाची खोली, असा तिचा शब्दश: अर्थ. नव्या पिढीला 'परमिट रूम' म्हणजे बारचेच दुसरे नाव वाटते. त्या पाटीतील 'परमिट' हॉटेलमालकाचे नसून गिऱ्हाइकाचे आहे, हे सांगितले तर अनेकांना आश्चर्य वाटेल.

१९६० साली मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा हाच अधिनियम गुजरातच्या वाट्यालाही आला. तेथे बंदी कायम राहिली आणि आरोग्याच्या कारणावरून मिळणारा परवाना हाच तेथील रहिवाशांसाठी मुख्य मार्ग उरला. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीपुरती काही सूट देण्यात आली. एकाच कायद्याच्या दोन शाखा दोन राज्यांत किती भिन्न रीतीने वाढल्या, याचे हे उदाहरण होय. महाराष्ट्रातही वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. गडचिरोलीत लोकचळवळीच्या रेट्याने १९९३ साली बंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. बंदी असलेल्या जिल्ह्यांत अर्थातच वयाचा पुरावा दाखवून मद्य मिळण्याचा प्रश्न नाही.

पाच रुपयांचा परवाना

मद्यसेवनाचा परवाना एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीव असू शकतो. अनेक वर्षे विदेशी मद्यासाठी एका दिवसाच्या परवान्याला ५ रुपये, देशी मद्यासाठी २ रुपये, वार्षिक परवान्याला १०० रुपये आणि आजीव परवान्याला १००० रुपये असे शुल्क आकारले जात आले आहे. येथे 'विदेशी मद्य' या संज्ञेने गोंधळून जाण्याचे कारण नाही. भारतात तयार होणारी व्हिस्की, रम, ब्रँडी, बीअर यांचाही समावेश कायद्याच्या भाषेत विदेशी मद्यातच होतो. वार्षिक व आजीव परवान्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. छायाचित्र, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा ही त्यासाठीची मुख्य कागदपत्रे होत. परवान्याच्या मजकुरात मद्य हे 'आरोग्याचे रक्षण व जतन' करण्यासाठी आवश्यक असल्याचा जो उल्लेख येतो, तो पन्नाशीच्या दशकातील कल्पनांचा अवशेष आहे.

एका दिवसाचे परवाने दुकानात किंवा परमिट रूममध्येच मिळतात. विक्रेता त्यांची पुस्तके विभागाकडून घेऊन ठेवतो. नियमाप्रमाणे पाहता ग्राहकाचे नाव लिहून, वय पडताळून परवाना फाडला जावयास हवा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ग्राहकाला नावही विचारले जात नाही. दिवसअखेर किंवा तपासणीच्या आधी पुस्तकातील पाने कोणत्या ना कोणत्या नावांनी भरली जातात. शासनाला शुल्क मिळते, विक्रेत्याची नोंदवही पूर्ण होते, ग्राहकाचा वेळ वाचतो. कोणालाच तक्रार नसते.

परंतु या सोयीस्कर तडजोडीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली किंमत ग्राहकाची. परवान्याविना मद्य बाळगणे व पिणे हा अधिनियमाच्या ६६ व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास व दंड अशी दोन्ही प्रकारची शिक्षा आहे. एरवी या कलमाची आठवण कोणाला होत नाही. एखाद्या पार्टीवर पोलिसांचा छापा पडला, इमारतीतील भांडण पोलिसांत गेले किंवा प्रवासात डिकी उघडली गेली, की ते अचानक जागे होते. दुकानाच्या पुस्तकात भलत्याच नावाने फाडलेला परवाना त्या वेळी उपयोगी पडत नाही. दुसरी किंमत याहून मोठी आहे. परवान्याची औपचारिकता ग्राहकाकडे न पाहताच उरकण्याची सवय लागली की, वयाची पडताळणीही त्याच ओघात राहून जाते. ज्या कागदावर माणसाचे नाव खरे नाही, त्यावर त्याचे वय तरी खरे कसे असणार?

मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात या विसरलेल्या परवान्याला अचानक महत्त्व आले. दुकानांपुढे झालेल्या गर्दीनंतर राज्य शासनाने घरपोच मद्यविक्रीस अनुमती दिली, पण ती परवानाधारकांपुरती. वर्षानुवर्षे मद्य विकत घेणाऱ्या अनेकांना, असा काही परवाना असतो आणि तो आपल्या नावाने काढावा लागतो, हे त्या वेळी प्रथमच समजले.

अठरा, एकवीस, पंचवीस

आता वयाचा प्रश्न. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. करार करण्याचा, मालमत्ता विकण्याचा, वाहन चालवण्याचा अधिकार त्याला त्या वयात मिळतो. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वयही २१ वरून १८ वर आणले. महाराष्ट्रात बीअर व वाइन यांसाठी मात्र वयाची अट २१ वर्षे आहे, तर व्हिस्की, रम, व्होडका यांसारख्या तीव्र मद्यासाठी ती २५ वर्षे आहे. गंमत अशी की, नगरसेवकपदाची निवडणूक लढवण्यासाठी २१ आणि आमदारकीसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. कायदा करणाऱ्या सभागृहात बसण्यासाठी जे वय लागते, तेच व्हिस्कीचा पेला हाती घेण्यासाठी लागते.

२०११ साली राज्य मंत्रिमंडळाने व्यसनमुक्ती धोरणास मान्यता दिली, तेव्हा पंचविशीच्या या अटीवर मोठा वाद झाला. अभिनेता इम्रान खान याने मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले. ज्या वयात सरकार निवडता येते, त्या वयात स्वत:चे पेय का निवडता येऊ नये, हा विरोधकांचा मुद्दा होता. समर्थकांचे म्हणणे असे की, सज्ञानता ही एकाच दिवशी सर्व बाबतींत येत नाही. विवाहाचे, निवडणूक लढवण्याचे आणि मतदानाचे वय आपण वेगवेगळे ठेवतोच. व्यसनाची सवय ज्या वयात जडते, ते वय शक्य तितके पुढे ढकलणे हे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हिताचे आहे. या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. अट मात्र टिकून राहिली.

म्हणूनच महाराष्ट्रात 'सज्ञान' असणे आणि 'मद्यखरेदीस पात्र' असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तेवीस वर्षांचा अभियंता, चोवीस वर्षांची डॉक्टर, नोकरी करणारा, घरभाडे भरणारा, कदाचित विवाहितही असलेला तरुण, हे सारे सज्ञान आहेत. पण तीव्र मद्याच्या बाबतीत कायदा त्यांना अपात्र मानतो. दुकानदाराने त्यांच्याकडे ओळखपत्र मागितले, तर तो त्यांच्या सज्ञानतेवर संशय घेत नसून या वेगळ्या अटीची खातरजमा करत असतो.

राज्य बदलले की वय बदलते

मद्य हा घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीचा विषय असल्यामुळे प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे. गोव्यात १८ वर्षे पूर्ण झालेल्यास मद्य मिळते. उत्तर प्रदेश आणि तामिळनाडू या राज्यांत ही मर्यादा २१ आहे. केरळने २०१७ साली ती २१ वरून २३ केली. हरियाणाने उलट दिशेने जाऊन २०२१ मध्ये २५ वरून २१ वर आणली. दिल्लीत त्याच वर्षी असाच बदल घोषित झाला होता, पण ते धोरण २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी आहे.

मराठी वाचकाला यातील सर्वांत जवळचा अनुभव गोव्याचा. सावंतवाडीहून बांद्याची सीमा ओलांडली की, एकोणीस वर्षांचा महाविद्यालयीन विद्यार्थी बारमध्ये उघडपणे बसू शकतो. परत येताना मात्र तो पुन्हा महाराष्ट्राच्या कायद्याखाली येतो. शिवाय तेथील बाटली येथे आणणे हा वाहतुकीच्या नियमांचा स्वतंत्र विषय आहे. त्या बाटलीवर महाराष्ट्राचे शुल्क भरलेले नसते आणि 'गोव्यात विकत घेतली, पावती आहे' हा खुलासा तपासणी नाक्यावर पुरेसा ठरत नाही.

पुणे आणि वरळी

वयाची विचारणा ही निव्वळ कागदी बाब नाही, याचा प्रत्यय महाराष्ट्राला २०२४ साली दोनदा आला. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी त्याला दोन ठिकाणी मद्य देण्यात आले होते, असे तपासात पुढे आले. या प्रकरणातील पुढच्या घडामोडींची देशभर चर्चा झाली. निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेला जामीन आणि रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल यांवर लोक संतापले. पण त्या साखळीतील पहिली कडी अगदी साधी होती. मद्य देणाऱ्याने वयाचा पुरावा मागितला असता आणि पुराव्याविना नकार दिला असता, तर ती तेथेच तुटली असती. संबंधित आस्थापनांवर कारवाई झाली आणि तेथील जबाबदार व्यक्तींना अटकही झाली. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७७ व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालील बालकास मादक पेय देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ही गोष्ट अनेक हॉटेलचालकांच्या त्या वेळी प्रथमच लक्षात आली.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ७ जुलै २०२४ रोजी मुंबईत वरळी येथे मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील एका महिलेचा मृत्यू झाला. यातील आरोपी सज्ञान होता. परंतु त्याचे वय पंचविशीच्या आत असताना आदल्या रात्री त्याला तीव्र मद्य देण्यात आले, असा ठपका राज्य उत्पादन शुल्क विभागाने संबंधित बारवर ठेवला आणि तो बंद केला. पुण्याच्या घटनेत अल्पवयीन मुलाचा प्रश्न होता. वरळीच्या घटनेने सज्ञान ग्राहकाच्या वयाचीही पडताळणी आवश्यक असल्याचे दाखवून दिले. सतरा वर्षांचा मुलगा नजरेने ओळखू येईलही. तेवीस आणि पंचवीस यांतील फरक चेहऱ्यावरून सांगणे कोणालाही शक्य नाही. तो केवळ जन्मतारखेवरूनच कळतो.

मद्यविक्रीच्या सर्व ठिकाणी वयाची सक्तीची पडताळणी व्हावी, अशी मागणी करणारी जनहित याचिका मद्यपी वाहनचालकांविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयात केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यावर केंद्र सरकारला नोटीस काढली.

परदेशातील रीत

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला आहे, हे पाहणे उद्बोधक आहे. विशेषत: शिक्षण वा नोकरीसाठी तेथे जाणाऱ्या मराठी तरुणांना ते उपयुक्तही आहे. ब्रिटनमध्ये मद्यखरेदीचे वय १८ आहे. तरीही तेथील दुकानांतून पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागण्याची पद्धत आहे. अठरा आणि पंचवीस यांमधील हे अंतर मुद्दामच ठेवलेले आहे. विक्रेत्याचा अंदाज चार-पाच वर्षांनी चुकला तरी अल्पवयीन ग्राहक सुटू नये, हा त्यामागील विचार. इंग्लंड व वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१० पासून वयपडताळणीचे धोरण ठेवणे परवानाधारकांना बंधनकारक झाले. स्कॉटलंडमध्ये १ ऑक्टोबर २०११ पासून पंचविशीचा निकषच कायद्याने सक्तीचा केला.

अमेरिकेत १९८४ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना मद्यखरेदीचे वय २१ करण्यास भाग पाडले. जे राज्य तसे करणार नाही, त्याच्या महामार्ग निधीत कपात करण्याची तरतूद त्यात होती. १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी ते मान्य केले. तेथील अनेक राज्यांत एकवीस वर्षांखालील व्यक्तीचा वाहन परवाना उभ्या आकाराचा छापला जातो, त्यामुळे विक्रेत्याला तारीख वाचण्याआधीच बोध होतो. अनेक दुकाने तर सर्वच ग्राहकांकडे ओळखपत्र मागतात आणि पांढऱ्या केसांचे आजोबाही ते कुरकूर न करता पुढे करतात. भारतातून नव्याने गेलेल्याने पारपत्र किंवा तेथील राज्याचे ओळखपत्र जवळ ठेवलेले बरे. भारतातील वाहन परवाना सर्वत्र चालेलच असे नाही.

जपानने एप्रिल २०२२ मध्ये सज्ञानतेचे वय २० वरून १८ वर आणले, पण मद्याचे वय २० च ठेवले. तेथील छोट्या दुकानांतून ग्राहकाने 'मी वीस वर्षांवरील आहे' असे सांगणारे बटण पडद्यावर दाबायचे असते. स्वीडनमध्ये सरकारी मद्यदुकानातून खरेदीसाठी २० वर्षांची, तर उपाहारगृहात पिण्यासाठी १८ वर्षांची अट आहे. पद्धती वेगवेगळ्या असल्या तरी बहुतेक ठिकाणी एक समान सूत्र दिसते. विचारणा ही व्यक्तीच्या चेहऱ्यावर, कपड्यांवर किंवा ऐपतीवर अवलंबून नसून ती ठरावीक रीतीने सर्वांना लागू होते. त्यामुळे ती कोणाला बोचत नाही.

कोणते ओळखपत्र दाखवावे?

वयाच्या पुराव्यासाठी शासनाने दिलेले, छायाचित्र व पूर्ण जन्मतारीख असलेले कोणतेही ओळखपत्र योग्य होय. पॅन कार्ड यासाठी सोयीचे आहे. त्यावर छायाचित्र आणि जन्मतारीख असते, पत्ता नसतो. वाहन परवाना आणि पारपत्र हेही तितकेच ग्राह्य. जुन्या मतदार ओळखपत्रांवर पुष्कळदा जन्मतारखेऐवजी विशिष्ट दिवशीचे वय छापलेले असते, तर आरंभीच्या काळातील काही आधार पत्रांवर केवळ जन्मवर्ष आढळते. पंचविशीच्या उंबरठ्यावरील ग्राहकाला असा पुरावा अपुरा पडू शकतो.

आधारच हवे, असा आग्रह दुकानदाराने धरणे योग्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले आणि सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात खासगी संस्थांना आधारची मागणी करण्याची मोकळीक देणारी तरतूद रद्द केली. ग्राहक स्वेच्छेने आधार दाखवणार असेल, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत वापरता येते. २०२५ मध्ये आधार प्राधिकरणाने सादर केलेल्या नव्या ॲपमध्ये आवश्यक तेवढेच तपशील दाखवण्याची सोय देण्यात आली आहे. अठरा, एकवीस, पंचवीस यांपैकी कोणती पायरी ओलांडली आहे एवढेच विक्रेत्याला कळणे पुरेसे आहे. ग्राहकाचा पत्ता, क्रमांक किंवा वडिलांचे नाव यांच्याशी त्याला कर्तव्य नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. ओळखपत्र दाखवणे वेगळे आणि त्याची प्रत देणे वेगळे. वय तपासण्यासाठी पाहणे पुरते. छायांकित प्रत ठेवून घेणे किंवा मोबाइलवर छायाचित्र काढणे यांस ग्राहकाने नकार द्यावा. विक्रेत्याच्या बाजूनेही सावधगिरी हवी. मोबाइलच्या पडद्यावरील ओळखपत्राचे चित्र सहज बदलता येते. म्हणून मूळ कार्ड, किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत ॲपमध्ये उघडून दाखवलेला दस्तऐवज यांवरच विसंबावे. पुरावा नसेल तर विक्री नाकारणे हे त्याचे कर्तव्य आहे. त्याच्या अनुज्ञप्तीवर होणारी कारवाई ग्राहकाच्या नाराजीपेक्षा कितीतरी महाग पडते.

अपमान नव्हे, सहकार्य

या विषयातील खरी अडचण कायद्याच्या अभावाची नाही. कायदे आहेत आणि ते पुरेसे कडकही आहेत. एका बाजूला सज्ञान माणसाकडून आरोग्यरक्षणाचे कारण वदवून घेणारा परवाना आहे. तो कालबाह्य झाला असेल तर शासनाने तो मोकळेपणाने रद्द करावा. ठेवावयाचा असेल तर खऱ्या नावाने द्यावा. खोट्या नावांनी भरलेली पुस्तके कोणाचेच रक्षण करत नाहीत. दुसऱ्या बाजूला वयाची अट आहे. ती २५ असावी की २१, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु सतरा वर्षांच्या मुलापुढे पेला ठेवला जाऊ नये, याविषयी नाहीत.

ही अट पाळली जावी यासाठी विक्रेत्याने प्रत्येकाला विचारले पाहिजे आणि प्रत्येकाने उत्तर दिले पाहिजे. जेथे निवडक ग्राहकांनाच विचारणा होते, तेथे ती अपमानाची ठरते. साध्या कपड्यांतील तरुणाला अडवले जाते आणि महागड्या मोटारीतून उतरलेल्याला सलाम केला जातो. जेथे सर्वांनाच विचारले जाते, तेथे विक्रेत्याला नकार देणे सोपे जाते आणि धाकदपटशाला वाव राहत नाही. चाळिशीतल्या ग्राहकाने ओळखपत्र पुढे केले, तर त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला 'त्यांना कुठे विचारलेत?' असे म्हणता येत नाही. सज्ञान नागरिकाकडून अपेक्षित असलेले सहकार्य ते एवढेच, आणि त्याला खिशातील एक कार्ड काढण्यापलीकडे काही खर्च नाही.